गावरहाटी : दक्षिण कोकणचे वेगळेपण

सह्याद्री व सागर यांमधील चिंचोळी पट्टी म्हणजे कोकण. परशुरामाने बाण मारून समुद्र हटविला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा हा या भूमीचा दक्षिण भाग. येथे आदिलशाही नांदली, १६६४ साली शिवछत्रपतींनी मालवणच्या बेटावर जलदुर्गाची पायाभरणी केली, सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांनी राज्य केले, पुढे इंग्रज आले. सत्ता बदलल्या, पण देवळाभोवतीचा गाव टिकला. त्या टिकण्याचे नाव गावरहाटी.

येथील ग्रामदेवता राजांच्या आधीच्या. सातेरी वारुळाच्या रूपाने पूजिली जाते. वारूळ म्हणजे साक्षात भूमाताच. गोव्यात तीच सांतेर होते. रवळनाथ हा गावाचा रक्षक. वेताळ, भूमिका, पूर्वस ही त्याच परिवारातील स्थळे. पेरणी असो वा लग्न, आधी देवाला कौल लावावयाचा, मग कामास हात घालावयाचा. गाऱ्हाणे एकाने घालावे व सर्वांनी ‘व्हय महाराजा’ म्हणावे, ही येथील रीत. एकट्याचे दुःख तेथे गावाचे होते.

बारा-पाचाच्या मानात गावकर, गुरव, घाडी, सुतार, लोहार अशा प्रत्येकास आपले काम व आपला मान असे. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. ज्यांच्या सेवेवाचून उत्सव पार पडत नसे, त्यांतील काहींना पायरीखालीच उभे राहावे लागे. रत्नागिरीस भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले, ते याच उणिवेवरील उत्तर होय. जीर्णोद्धार केवळ चिऱ्यांचा नसतो, तो रीतींचाही असतो.

जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो. लिहिलेली संहिता नाही. हार्मोनियम, मृदंग व झांजेच्या साथीने नट ऐनवेळी संवाद रचतात. स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. अक्षरओळख नसलेल्यांनाही पुराण पाठ झाले, ते या रंगभूमीमुळे.

आणि या प्रांताचे अर्धे आयुष्य मुंबईत गेले. गिरण्यांत घाम गाळणारा चाकरमानी गावाच्या सामाईक खोलीत राहिला, महिन्यास मनिऑर्डर धाडीत राहिला. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उसवले, अनेकांच्या चुली विझत आल्या. तरी गणपती, शिमगा व जत्रेची वाट सुटली नाही. देवळांच्या देणगीयाद्यांत अशा कष्टकऱ्यांच्या लहान रकमाही दिसतात. त्यांचे मोल आकड्यांत होणार नाही.

मात्र पैशाने भिंती उभ्या राहतात, रहाटी माणसांनीच चालते. गाऱ्हाणे घालणारा, मृदंगावर थाप देणारा, कौलाची रीत जाणणारा जुना माणूस गेला की त्याच्याबरोबर एक ग्रंथ जातो. तरुणांनी त्यांच्याजवळ बसून हे शिकून घ्यावे. नव्या शिखराखाली जुना आवाज घुमला, तरच जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल.