ट्रॉम्बोनची पेटी

ट्रॉम्बोनची पेटी म्हणजे ट्रॉम्बोन या पाश्चात्त्य पितळी सुषिर वाद्याचे सुटे केलेले भाग आणि त्याचा माउथपीस ठेवण्यासाठी व वाहून नेण्यासाठी वापरली जाणारी, कठीण कवचाची व आतून अस्तर लावलेली पेटी होय. ट्रॉम्बोनच्या भागांपैकी सरकनळी, म्हणजेच स्लाइड, हा सर्वांत नाजूक भाग असल्यामुळे पेटीची रचना मुख्यतः तिचे रक्षण व्हावे या हेतूने केलेली असते. बाहेरून बसणाऱ्या धक्क्यांपासून पेटी वाद्याला वाचवते. परंतु पेटीतच सुटा राहिलेला माउथपीस, झाकणाखाली दाबून ठेवलेली पुस्तके आणि नळ्यांत साचलेला ओलावा यांमुळे वाद्य बंद पेटीतही खराब होऊ शकते.

वाद्याचे भाग

ट्रॉम्बोनचे तीन भाग सुटे होतात : कर्णा व त्याला जोडलेली मागची वळणदार नळी, सरकनळी आणि माउथपीस. सर्वाधिक वापरात असलेल्या टेनर ट्रॉम्बोनच्या नळीची एकूण लांबी सुमारे २.७ मीटर असते. सरकनळीत दोन आतल्या स्थिर नळ्या आणि त्यांवरून सरकणारी, तळाशी वळण असलेली बाहेरची जोडनळी असते. वादक ही जोडनळी ७ स्थानांवर पुढेमागे नेऊन स्वर बदलतो.

आतील व बाहेरील नळ्यांमध्ये मिलिमीटरचा अल्पसा अंश इतकेच अंतर असते. आतल्या नळ्यांची खालची टोके किंचित जाड केलेली असतात व घर्षण तेवढ्याच भागापुरते राहते. त्यामुळे बाहेरच्या नळीला पडलेला लहानसा पोचा किंवा दोन नळ्यांची समांतरता बिघडवणारा किंचित बाकही सरकनळी अडखळायला पुरेसा होतो. कर्ण्याला पोचा पडला तर वाद्य विद्रूप दिसते, पण बहुधा वाजते. सरकनळीच्या बाबतीत तसे नसते. ती अडली की वादन थांबते आणि दुरुस्तीसाठी कुशल कारागिराची गरज भासते.

पेटीची रचना

पेटीचे कवच प्लायवूड, कठीण प्लास्टिक किंवा फायबरग्लासचे असते. आत फोम किंवा तत्सम मऊ भरण आणि त्यावर मखमलीसारखे कापड असते. कर्ण्यासाठी खालच्या भागात त्याच्या आकाराची खाच केलेली असते. बऱ्याच पेट्यांत सरकनळी झाकणाच्या आतील बाजूस खिट्यांनी किंवा पट्ट्यांनी अडकवली जाते, त्यामुळे ती कर्ण्यावर आदळत नाही.

पेटी वाद्याच्या मापाची असावी लागते. बास ट्रॉम्बोनचा कर्णा टेनरपेक्षा मोठा असतो. १८३९ मध्ये लाइपझिग येथे क्रिस्टियन फ्रीड्रिख साट्लर यांनी टेनर ट्रॉम्बोनला फिरत्या झडपेची जोड दिली. अशा वाद्यात झडप आणि तिच्या जादा नळ्यांचे वेटोळे कर्ण्याच्या भागात बसवलेले असते. ही जोड नसलेल्या वाद्याच्या पेटीत असे वाद्य कोंबल्यास झाकणाचा दाब झडपेच्या दांड्यांवर येतो. उलटपक्षी, पेटी सैल असल्यास वाद्य आत हलून स्वतःच्याच भागांवर आपटते.

माउथपीसची जागा

माउथपीस सामान्यतः पितळेचा असून त्यावर चांदीचा मुलामा असतो. तो भरीव व जड असल्यामुळे पेटीत सुटा राहिल्यास प्रत्येक हेलकाव्याला सरकनळीवर किंवा कर्ण्यावर आदळतो. म्हणून पेटीत त्याच्यासाठी स्वतंत्र खोबण किंवा झाकणीचा कप्पा असतो. खोबण सैल असल्यास माउथपीस आधी चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या छोट्या पिशवीत घालून मग ठेवतात. या पिशवीमुळे त्याची कडही ओरखड्यांपासून वाचते. मुलाम्याच्या वस्तूंभोवती रबरी पट्टी गुंडाळणे टाळले जाते, कारण रबरातील गंधकामुळे चांदी काळवंडते.

माउथपीसची दांडी टोकाकडे निमुळती असते आणि सरकनळीच्या तोंडात केवळ घर्षणाने बसते. वादनानंतर तो तसाच ठेवल्यास किंवा त्यावर थाप मारून बसवल्यास घट्ट अडकतो. अडकलेला माउथपीस पक्कडीने पिळल्यास नळी मुरगळते. तो काढण्यासाठी खास ओढयंत्र वापरतात. दांडी जमिनीवर पडून तिच्या टोकाची गोलाई बिघडली तर माउथपीस नीट बसत नाही व हवा निसटते.

वाद्य पेटीत ठेवण्याची पद्धत

वादन संपल्यावर सरकनळीच्या तळाची कळ दाबून साचलेले पाणी फुंकून काढतात. त्यानंतर माउथपीस हलकेच फिरवून काढला जातो आणि सरकनळीची कडी लावली जाते. कडी न लावल्यास बाहेरची नळी घसरून खाली पडू शकते. मग जोडाची चकती सैल करून सरकनळी व कर्णा वेगळे करतात. कर्णा खाचेत ठेवल्यावर सरकनळी तिच्या जागी अडकवतात आणि शेवटी माउथपीस कप्प्यात ठेवतात.

स्वरलिपीची पुस्तके झाकणाखाली ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांत आढळते. झाकण बंद करताना त्यांचा दाब सरळ सरकनळीवर पडतो आणि ती हळूहळू वाकते. झाकण सहज मिटत नसेल तर काहीतरी जागेवर नाही, असे समजले जाते. ते जोर लावून मिटवले जात नाही. पेटी उघडण्यापूर्वी ती सुलटी आहे आणि सर्व कड्या उघडल्या आहेत हे पाहिले जाते, अन्यथा भाग खाली पडतात. बंद पेटीवर बसणे किंवा जड सामान रचणेही वर्ज्य मानले जाते.

ओलावा आणि क्षरण

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. श्वासातील बाष्प आणि लाळ नळीत राहिल्यास पितळातील जस्त झिजून जाते आणि सच्छिद्र, तांबूस थर मागे उरतो. ही झीज नळीच्या आतून सुरू होते. बाहेर तांबूस ठिपके दिसू लागतात तेव्हा धातू बराच पोखरलेला असतो. यावर जिल्हईचा उपयोग होत नाही. ओले वाद्य लगेच बंद केल्यास अस्तरही दमट राहून त्याला बुरशी व कुबट वास येतो. म्हणून वाद्य पुसून ठेवतात आणि पेटी अधूनमधून उघडी ठेवून वाळवतात. दमट हवेत सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात. मात्र त्या ओलावा शोषून भरल्या की बदलाव्या किंवा वाळवाव्या लागतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पेटी ठेवल्यास अस्तराचा गोंद सुटू शकतो.

महाराष्ट्र व गोव्यातील हवामान

महाराष्ट्रात ट्रॉम्बोन पोलीस व लष्करी वाद्यवृंदांत तसेच बँड पथकांत आढळतो. चातुर्मासात पारंपरिक विवाहमुहूर्त नसल्याने लग्नसराईवर अवलंबून असलेल्या पथकांची वाद्ये काही काळ पेटीतच राहतात, आणि मुंबई, कोकण व गोव्यातील हवा याच सुमारास सर्वाधिक दमट असते. वापरात नसलेल्या वाद्याची पेटीही या काळात ठरावीक दिवसांनी उघडावी लागते. सरकनळी पुसून, तिला पुन्हा वंगण लावून हलवून पाहिल्यास बिघाड वेळीच लक्षात येतो.

मऊ पिशवी

कठीण पेटीऐवजी गादीदार कापडी पिशवीही वापरली जाते. ती हलकी असून पाठीवर घेता येते. परंतु वरून पडणारा दाब ती अडवू शकत नाही. त्यामुळे रोजच्या थोड्या अंतरासाठी पिशवी आणि दीर्घकाळ साठवण किंवा मालवाहतूक यांसाठी कठीण पेटी, असा भेद केला जातो. वादनाच्या मध्यंतरात वाद्य ज्या तिवईवर उभे करतात, ती साठवणीसाठी योग्य नसते. धक्का लागून वाद्य कोसळण्याचा धोका तेथे कायम राहतो.