श्येनवर्गीकरणाचे दोन इतिहास

शिकारी पक्षी बाळगणाऱ्या बाजदारांनी आपले पक्षी डोळ्यांच्या रंगावरून दोन वर्गांत विभागले होते. बहिरी, लग्गड, तुरुमती इत्यादी ससाणे हे काळ्या डोळ्यांचे, म्हणजे सियाहचश्म. बाज, बाशा व शिक्रा हे पिवळ्या-तांबूस डोळ्यांचे, म्हणजे गुलाबचश्म. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या नावावर असलेल्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथातही कृष्णाक्ष व पाटलाक्ष असा हाच भेद आढळतो. त्याच्या मुळाशी व्यवहार होता. बहिरी उंचावरून झेपावून मोकळ्या आकाशात भक्ष्य मारतो. बाज मुठीवरून सुटून थोड्या अंतरातच ते गाठतो. साहजिकच दोघांचे शिक्षणही निराळे असे.

युरोपीय पक्षिविद्येची वाट वेगळी होती. १७५८ मध्ये लिनीअसने गरुड, घार, बाज व ससाणा यांना ‘फाल्को’ या एकाच प्रजातीत घातले. लीच याने १८२० मध्ये फाल्कोनिडी हे कुलनाम योजले. परंतु एकोणिसाव्या शतकातील अनेक ग्रंथकार त्या कुलात गरुड व बाज यांचाही समावेश करीत. पुढे अस्थिरचनेच्या आधारे ससाणे व अमेरिकेतील काराकारा यांचे कुल स्वतंत्र झाले. तरीही बाकदार चोच व तीक्ष्ण नख्या यांच्या साम्यामुळे दोन्ही कुले दीर्घकाळ एकाच गणात राहिली.

२००८ मध्ये हॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १६९ जातींच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. तीत ससाणे हे पोपट व चिमणीच्या गणातील पक्षी यांचे निकटचे आप्त ठरले. २०१४ मधील संपूर्ण जीनोमांच्या अभ्यासाने त्यास दुजोरा मिळाला. गरुडाशी असलेले साम्य हे बव्हंशी समान उपजीविकेचे फळ होय, असे आता मानले जाते.

यावरून बाजदारांना आधुनिक शास्त्राचे अग्रदूत ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. वंशसंबंधाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. शिवाय घारीचे डोळेही गडद असतात. तेव्हा नुसता रंग आप्तत्वाचा पुरावा होऊ शकत नाही. पक्षी शिकवावा कसा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले व ते अचूक होते. लिनीअसचा प्रश्न बाह्य रूपाचा होता, आजचा प्रश्न वंशाचा आहे. म्हणून कोणतेही वर्गीकरण बरोबर की चूक हे ठरविण्यापूर्वी, ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे.