वीस यंत्रांचा एक बॅकअप, त्यातले एक अयशस्वी. कोणते? (थ्रेड)

१/ ‘बॅकअप जॉब अयशस्वी.’ सकाळच्या ई-मेलची विषयओळ एवढेच सांगते. जॉबमध्ये आभासी यंत्रे वीस; एकोणिसांची प्रत सुरक्षित, एकाची नाही. ते एक कोणते? प्रश्न संगणकाचा खरा, मात्र तो उद्भवला कसा हे इतिहासच सांगू शकतो.

२/ आभासी यंत्राची कल्पना आजची नव्हे. १९६४ मध्ये आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी ‘सीपी-४०’ प्रणालीचे काम हाती घेतले. एकाच महागड्या संगणकावर बसलेल्या प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाल्याचा प्रत्यय यावा, हा हेतू. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ आले. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने हीच किमया पीसीवर आणली, २००१ मध्ये सर्व्हरवर.

३/ पूर्वी बहुधा प्रत्येक सर्व्हरच्या आत बॅकअपचा प्रोग्रॅम बसवावा लागे. आभासी यंत्र म्हणजे मात्र डिस्कवरच्या काही फायली. त्यांचा स्नॅपशॉट बाहेरूनच घेता येतो. २००९ च्या व्हीस्फिअर ४ मध्ये केवळ बदललेले ब्लॉक उचलण्याची सोय झाली. मग अनेक यंत्रे एका जॉबमध्ये बांधणे ओघाने आलेच: वेळापत्रक एक, साठवण एक, आणि निकालही एकच. गोम इथे आहे.

४/ अशा जॉबचा निकाल सामान्यतः त्यातल्या सर्वांत वाईट यंत्राचा निकाल असतो. रुमालावरची चिठ्ठी वाचून आतला कोणता कागद कसरीने खाल्ला हे कळत नाही. रुमाल सोडावाच लागतो. येथेही जॉबचा सारांश बाजूला सारून प्रत्येक यंत्राची स्वतंत्र नोंद उघडावी लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही: बखर नव्हे, अस्सल कागद पाहा.

५/ त्यातही दोन फसगती. जॉब पुन्हा चालतो तेव्हा पुष्कळदा केवळ राहिलेले यंत्रच घेतले जाते. ते यशस्वी झाले की शेवटचा अहवाल हिरवा, आणि मूळ अपयश आधीच्या सत्रात गाडलेले. दुसरी फसगत नावाची. प्रणाली यंत्राला नावाने नव्हे, अंतर्गत क्रमांकाने ओळखते. यंत्र यादीतून काढून पुन्हा नोंदवले की नाव तेच राहते, क्रमांक बदलतो. जॉब जुन्यालाच शोधत बसतो.

६/ तिसरा प्रकार मला सर्वांत भयंकर वाटतो: यंत्र गटातच नसणे. जे यादीत नाही ते अयशस्वीही होत नाही. याचा दाखला ३१ जानेवारी २०१७ चा, गिटलॅबचा.

७/ त्या रात्री डेटाबेसची दुय्यम प्रत मागे पडली होती. ती नव्याने उभारण्यासाठी एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरची फोल्डर पुसायची ठरवली. आज्ञा दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले.

८/ मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजची प्रत साठवण्याची जागा रिकामी निघाली: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, प्रत घेणारे साधन ९.२ चे, त्यामुळे काम प्रत्येक वेळी अपयशी ठरत होते. त्याची सूचना देणाऱ्या ई-मेल निघतही होत्या. परंतु प्रेषकाच्या पडताळणीत (डीमार्क) बसत नसल्याने त्या नाकारल्या जात. डिस्क स्नॅपशॉट फाइल-सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेस-सर्व्हरसाठी नव्हते. त्यामुळे त्यांच्या अपयशाची नोंद कोठेच नव्हती.

९/ तारले ते एका योगायोगाने. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी चाचणीसाठी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. त्यावरून १ फेब्रुवारीला सेवा पुन्हा उभी राहिली. दरम्यानच्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदींना फटका बसला. गिटच्या भांडारांतील कोड मात्र शाबूत राहिला. हे सारे दुरुस्तीकाम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवले, आणि पुढे चुकांची सविस्तर हकिकतही प्रसिद्ध केली. आपल्याला ही हकिकत इतक्या बारकाव्यांनिशी ठाऊक आहे ती त्यामुळेच.