रेंज गेली तरी भावाचा तक्ता हातात : मोबाइलमध्ये बाजाराचा अहवाल ऑफलाइन कसा ठेवायचा अन् कसा वाचायचा

चाकूर : सोयाबीनचे कट्टे टेम्पोत चढवताना लातूरचा भाव बघावा म्हणून फोन काढावा, तर नेमकं तेव्हाच पानावरचं चक्र गोल गोल फिरत राहतं. शेतात रेंज नसते. मोंढ्यात रेंज असते, पण सौद्याच्या वेळी गर्दी इतकी की नेट चालत नाही. ज्या क्षणी आकडा पाहिजे, त्या क्षणी तो मिळत नाही, आणि मग शेजारचा जो सांगेल तो भाव खरा मानावा लागतो. यावर उपाय सोपा आहे. रेंज असते तेव्हाच अहवाल फोनमध्ये उतरवून ठेवायचा. पण उतरवलेला अहवाल ताजा आहे की शिळा, आणि त्यातला कोणता आकडा आपला, हे कळलं नाही तर तोच अहवाल नुकसान करतो. म्हणून दोन्ही गोष्टी इथे सविस्तर देत आहोत.

मोठ्या कंपन्यांत ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असा शब्द चालतो. नाव भारी आहे, अर्थ साधा. धंद्याचे रोजचे आकडे एका ठिकाणी गोळा करायचे, त्यांचा तक्ता किंवा आलेख करायचा आणि तो बघून निर्णय घ्यायचा. शेतकऱ्यासाठी असा रोजचा तक्ता अनेक वर्षांपासून फुकट मिळतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे भाव रोज येतात. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर देशभरातल्या बाजारांचे भाव दिसतात. आपल्या भागातल्या माणसाला लातूर, उदगीर, अहमदपूर, औराद शहाजानी, निलंगा आणि चाकूर एवढ्या ओळी बघितल्या तरी पुरे.

फोनमध्ये उतरवायचं कसं

पहिली पद्धत सगळ्यात सोपी. क्रोममध्ये भावाचं पान उघडा, शेतमालाच्या यादीतून सोयाबीन किंवा तूर निवडा आणि पूर्ण तक्ता दिसेपर्यंत थांबा. मग वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा. वरच्या ओळीत खाली जाणारा बाण दिसेल, तो दाबा. पान सेव्ह होतं आणि नंतर क्रोमच्याच डाउनलोड्समध्ये नेटशिवाय उघडतं. लक्षात ठेवा, सेव्ह केलेलं पान म्हणजे त्या क्षणाचा फोटोच. त्यात नंतर सोयाबीनच्या जागी हरभरा निवडायला गेलात तर काही होणार नाही. जो माल निवडून सेव्ह केला तोच दिसेल. दोन माल पाहिजे असतील तर दोनदा सेव्ह करा.

दुसरी पद्धत पीडीएफची, आणि आमच्या मते हीच जास्त भरवशाची. त्याच तीन टिंबांतून ‘शेअर’मध्ये जा, तिथे ‘प्रिंट’ निवडा, प्रिंटरच्या जागी ‘पीडीएफ म्हणून सेव्ह करा’ असा पर्याय घ्या. फाइल फोनमध्ये राहते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते आणि क्रोमचा डेटा साफ केला तरी ती जात नाही. फाइलला नाव देताना तारीख आधी लिहा, तीही वर्षापासून : ‘२०२५-१०-१४ सोयाबीन लातूर’ अशी. म्हणजे फोल्डर नावाने लावलं की सगळ्या फाइल्स आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘भाव १’, ‘भाव नवीन’, ‘भाव नवीन २’ अशी नावं दिली की महिन्याभराने कोणती कधीची हे कुणालाच सांगता येत नाही.

स्क्रीनशॉट लोक सर्रास काढतात. काढा, पण तक्त्याच्या वरची तारीख फोटोत आली पाहिजे. वरच्या पट्टीत फोनचं घड्याळ दिसतं, ते फोटो काढल्याची वेळ सांगतं, भाव कोणत्या दिवसाचा ते नाही. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

आणि घरातून निघण्याआधी एक मिनिटाची परीक्षा घ्या. फोन विमान मोडवर टाका आणि फाइल उघडून बघा. उघडली तर रस्त्यातही उघडेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल दिसते खरी, पण ती डाउनलोड झालेलीच नसते, नुसतं नाव दिसत असतं. हे विमान मोडवर लगेच कळतं. मोंढ्यात गेल्यावर कळून काय उपयोग?

तक्त्यातला कोणता आकडा आपला?

पणन मंडळाच्या तक्त्यात बाजार समिती, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. बहुतेक जणांची नजर थेट ‘जास्तीत जास्त’वर जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टमध्येही तोच आकडा ठळक केलेला असतो. पण तो भाव त्या दिवशीच्या सगळ्यात चांगल्या मालाला मिळालेला असतो, कदाचित मोजक्याच कट्ट्यांना. बहुतांश माल ज्या भावाच्या आसपास गेला तो ‘सर्वसाधारण दर’. हिशेब करायचा तो यावर.

समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ, आकडे कल्पित आहेत. तुमच्याकडे २० क्विंटल सोयाबीन आहे. तक्त्यात कमीत कमी ३,९००, जास्तीत जास्त ४,६०० आणि सर्वसाधारण ४,३५० आहे. वरचा आकडा धरून घरी ९२,००० रुपये सांगितले आणि हातात ८७,००० आले, तर आडत्याने फसवलं असं वाटतं. खरं तर आकडा वाचतानाच ५,००० ची चूक झालेली असते. आता दुसरी बाजू. जवळच्या बाजारात सर्वसाधारण ४,२५० आहे आणि लातुरात ४,३५०. क्विंटलमागे १०० म्हणजे २० क्विंटलला २,००० जास्त. लातूरला न्यायचं टेम्पोभाडं १,५०० ने जास्त लागत असेल तर उरले ५००, आणि दिवस गेला तो वेगळाच. माल १०० क्विंटल असेल तर हाच हिशेब उलटतो.

‘आवक’ या रकान्याकडेही बघत जा. आवक अगदी थोडी असलेल्या बाजाराचा भाव दोन-चार सौद्यांवर ठरलेला असतो, त्यावर विसंबून गाडी भरू नये. ‘जात/प्रत’ही महत्त्वाची. तुरीत लाल आणि पांढरी, हरभऱ्यात लाल, चाफा, काबुली अशा वेगवेगळ्या ओळी असतात. काबुलीचा भाव बघून लाल हरभऱ्याची आशा धरणं म्हणजे म्हशीच्या दुधाचा भाव बघून ताक विकायला जाणं.

लातूर भागात आणखी एक आकडा फिरतो, तो म्हणजे प्लांटचा भाव. तेल काढणाऱ्या कारखान्यांचा हा पोहोच खरेदीचा दर असतो आणि त्याला अट असते. सोयाबीनच्या व्यापारात साधारण १० टक्के ओलावा, २ टक्के काडीकचरा, २ टक्के डागी माल अशी मोजणी चालते. यापेक्षा जास्त असेल तर कपात होते. म्हणून प्लांटचा भाव आणि मोंढ्याचा भाव एका ओळीत ठेवून तुलना करू नका. फाइलच्या नावातच ‘प्लांट’ की ‘मोंढा’ ते लिहून टाका.

शिळा भाव ओळखा

बाजार समितीचे आकडे सौदे झाल्यावर भरले जातात. म्हणजे सकाळी आठला पान उघडलं तर त्यावर कालचा किंवा परवाचा भाव असू शकतो. सुट्टी, अमावस्या, हमालांचा बंद असं काही असेल तर आणखी मागचा. ऑफलाइन ठेवलेल्या फाइलला तर हे दुप्पट लागू होतं. आधी आकडा एक दिवस जुना, त्यात तुम्ही तो चार दिवसांपूर्वी उतरवलेला. सोयाबीनच्या हंगामात चार दिवसांत क्विंटलमागे शे-दोनशे इकडचे तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

तारीख नसलेला भाव, मग तो कुणीही पाठवलेला असो, नसल्यासारखाच धरा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ अशी दोन बाणांची खूण असेल तर तो आकडा किती गावं फिरून आला याचा नेम नाही. मागच्या वर्षीचा फोटो यंदा फिरलेला अनेकांनी बघितला असेल.

जुन्या फाइल्स मात्र पुसू नका. एका दिवसाच्या भावावरून काही कळत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे दोन हंगामांच्या फाइल्स असतील तर दिवाळीच्या आधी आवक वाढली की भाव कसा हलतो, माल थांबवून ठेवायचा की नाही, याचा अंदाज स्वतःच्या डोळ्यांनी येतो. पीडीएफला जागाही फार लागत नाही. फोन भरत आला की लग्नाचे व्हिडिओ आधी काढा, हे नको.

स्वतःची वही, तीही बिननेटची

गुगल शीट्सच्या अ‍ॅपमध्ये आपली शीट तयार करून तिच्या तीन टिंबांतून ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ हा पर्याय चालू केला की ती नेट नसतानाही उघडते. एवढंच नाही, तिच्यात लिहिताही येतं. रेंज आली की बदल आपोआप वर जातात. तारीख, बाजार, वजन, दर, हमाली, तोलाई, भाडं आणि हातात आलेले पैसे एवढे रकाने पुरेत. आडत्याकडून मिळालेल्या पट्टीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. भावाचा तक्ता बाजाराचा असतो, पट्टी तुमची असते. दोन्ही शेजारी ठेवले तरच तुमच्या मालाला बाजाराच्या मानाने काय मिळालं ते दिसतं. फक्त एक काळजी घ्या. एकच शीट बाप-लेक दोघांच्या फोनवर असेल आणि दोघांनीही रेंज नसताना तीच ओळ बदलली, तर एकाचं लिहिलेलं जाऊ शकतं. ओळी वाटून घ्या.

या शीटमध्ये ओलाव्याचा हिशेबही घालता येतो, आणि तो घालावाच. १६ टक्के ओलाव्याचं २० क्विंटल सोयाबीन सुकवून १२ टक्क्यांवर आणलं तर वजन सुमारे १९ क्विंटल ९ किलो भरतं. म्हणजे ९१ किलो पाणी उडालं. ओला माल ४,१५० ने विकला तर ८३,००० आणि सुकवून ४,३५० ने विकला तर जवळपास तेवढेच. भावातला फरक २०० पेक्षा जास्त असेल तरच सुकवण्याची मेहनत पैशात दिसते. हमीभावाच्या केंद्रावर मात्र हा पर्याय नसतो, तिथे ओलाव्याची अट पाळावीच लागते. नेहमीची अट १२ टक्क्यांची. २०२४ च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती.

शेतकरी कंपनी आणि बचतगटांसाठी

काही शेतकरी उत्पादक कंपन्या आणि दूध संकलन करणारे गट आता संगणकावर पॉवर बीआयसारख्या साधनात अहवाल करतात. संचालकांना तो मोबाइलवर बघता येतो. नेट असताना एकदा उघडलेला अहवाल अ‍ॅपमध्ये नंतर नेट नसतानाही दिसतो, पण फक्त बघण्यापुरता. गाव बदलून बघणं, महिना निवडणं, क्रम लावणं हे ऑफलाइन होत नाही. म्हणून गावोगावच्या बैठकीला जाण्याआधी ज्या गावाचा आकडा लागणार आहे तो निवडून उघडून घ्या, किंवा सरळ पीडीएफ काढा. अहवालावर शेवटचं अद्ययावत कधी झालं ती वेळही दिसते. सभासदांसमोर आकडा वाचण्याआधी ती वेळ वाचून दाखवायची पद्धत पाडली तर निम्मे वाद कमी होतील. आणि असा फोन कुलूप न लावता ठेवू नका, त्यात सगळ्या सभासदांचे पैशाचे आकडे असतात.

आणखी काय जवळ ठेवावं

हमीभाव वर्षातून एकदाच जाहीर होतो, त्यामुळे एकदा उतरवला की हंगामभर चालतो. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीन ५,३२८, तूर ८,०००, मूग ८,७६८ आणि उडीद ७,८०० रुपये क्विंटल असा तो होता. हमीभावाने विक्रीच्या नोंदणीला सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, त्याची पीडीएफही याच फोल्डरमध्ये ठेवा. हवामानाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मेघदूत अ‍ॅपमधला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला त्या दिवशी संध्याकाळी उघडून स्क्रीनशॉट घेतला की फवारणीचे दोन-तीन दिवस ठरवता येतात.

ई-पीक पाहणीचं थोडं वेगळं आहे. तिथे माहिती उतरवायची नसून चढवायची असते. शेतात उभं राहून फोटो काढताना लोकेशन चालू पाहिजे. लोकेशन उपग्रहावरून मिळतं, त्याला नेट लागत नाही, फक्त मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबावं लागतं. नोंद फोनमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची सोय अ‍ॅपमध्ये आहे. मात्र अपलोडचं बटण दाबेपर्यंत ती नोंद फक्त तुमच्या फोनमध्येच असते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळा तालुका एकदम अपलोडला बसतो, तेव्हा त्याआधीच गावात येऊन काम उरकून घ्या.