युलियस हिर्शचा राजीनामा

जर्मन फुटबॉलचा विषय निघाला की मला युलियस हिर्श आठवतो. हा ज्यू खेळाडू कार्ल्सरूहेच्या केएफव्ही क्लबचा. 1910 साली तो क्लब जर्मनीचा विजेता झाला. 1912मध्ये हॉलंडविरुद्ध हिर्शने एकट्याने चार गोल केले. सामना 5-5 असा सुटला. पुढे 1914मध्ये फ्युर्थकडून पुन्हा विजेतेपद. मग महायुद्ध आले. चार वर्षे सैन्यात गेली, आयर्न क्रॉस मिळाला, भाऊ लिओपोल्ड मारला गेला. देशप्रेमाचा याहून मोठा दाखला कोणता द्यायचा?

10 एप्रिल 1933 रोजी त्याने पेपरात वाचले, की दक्षिण जर्मनीतले मोठे क्लब ज्यूंना काढून टाकणार आहेत. त्यांत केएफव्हीही होता. मला सर्वांत जास्त टोचते ते हे, की तसा कायदा तेव्हा झालेलाच नव्हता. सुशिक्षित पदाधिकाऱ्यांनी आपणहून पुढे होऊन सह्या केल्या होत्या. हिर्श 1902पासूनचा सभासद. त्याने त्याच दिवशी जड मनाने राजीनामा लिहिला, आणि ज्यूंनीही या देशासाठी रक्त सांडले आहे याची आठवण करून दिली. नंतर तो कार्ल्सरूहेच्याच एका ज्यू क्लबात रमला.

1939मध्ये 'किकर'ने राष्ट्रीय खेळाडूंचा अल्बम काढला, त्यात हिर्श नव्हता. या मासिकाचा संस्थापक वाल्टर बेन्झेमानही ज्यूच होता!

1 मार्च 1943 रोजी त्याला ऑशविट्झच्या गाडीत बसवले. वाटेत डॉर्टमुंडहून त्याने मुलीला पंधराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे कार्ड टाकले. ते पोहोचले. त्यानंतर त्याची काहीच खबर आली नाही.