मेणातला तुकडा पुन्हा वाचताना

शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळुरूबरोबर होसकोटेही होते. १७६८च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या बाजूने उतरलेल्या मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला आणि तो फसला, तेही इथेच. मराठी वाचकाची या गावाशी ओळख बहुधा इथवरच. जुन्या मद्रास रस्त्यावरचे होसकोटे आता बंगळुरूला जवळजवळ चिकटले आहे. २००१ पासून गावाजवळ एक मेडिकल कॉलेज आहे, आणि कर्करोगाचे दुखणे निघाले तर शहरात १९७३ साली सुरू झालेली किदवई संस्था आहे. समजा इथल्या एखाद्या बाईला पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसू लागते, तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, पिशवी काढतात. खरा पेच त्यानंतरचा: किमो द्यायची का?

या प्रश्नाला गाठीतली जनुके उत्तर देऊ शकतात, ही समज यायला शंभरावर वर्षे लागली.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १८९५ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला सांगितले, की आपल्या घराण्यात सगळे कर्करोगानेच जातात, आपणही तशाच जाणार. ती पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिनने घराण्याची वंशावळ मांडून १९१३ साली छापली. फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९६०च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशाच घराण्यांचा माग काढला. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतले एमएसएच२ हे जनुक १९९३ साली सापडले, आणि २००० साली शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या घराण्यातला दोष नेमका त्याच जनुकात निघाला.

आपल्याकडेही हा विचार अगदीच अनोळखी नव्हता. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या रणदिवे, यांनी एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे अभ्यासली. मग मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या आणि १९४९ साली पीएच.डी. झाल्या. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा काय संबंध, हे त्या उंदरांवर तपासत होत्या. गर्भाशय हा त्यांचा विषय नव्हता, तेव्हा ओढून-ताणून त्यांना या गोष्टीची नायिका करण्यात अर्थ नाही. पण कर्करोगाचे मूळ पेशीच्या वारशात शोधायची सवय मराठी संशोधकांना तेव्हापासूनची.

इस्पितळात मात्र सत्ता सूक्ष्मदर्शकाचीच होती. काढलेल्या पिशवीचा तुकडा मेणात बसवायचा, पातळ काप घ्यायचे, रंग चढवायचा आणि पेशी किती बिघडल्या आहेत हे डोळ्यांनी ठरवायचे. १९८३ साली बोखमन यांनी या रोगाचे दोन प्रकार पाडले: स्थूलतेशी आणि इस्ट्रोजेनशी जोडलेला, बहुधा सौम्य, आणि दुसरा आक्रमक. तीस वर्षे ही विभागणी चालली. चालली, पण अडखळत. एकाच स्लाइडवर दोन तज्ज्ञांचे एकमत होईलच असे नसे.

२०१३ साली ‘कॅन्सर जीनोम ॲटलास’ प्रकल्पाने ३७३ गाठींची जनुके वाचली आणि दोनाचे चार गट झाले. एकात पीओएलई जनुक बिघडलेले, दुसऱ्यात दुरुस्तीची यंत्रणा. तिसऱ्यात गुणसूत्रांची मोठी उलथापालथ. त्या गाठींत बहुधा पी५३ बिघडलेले असते. चौथ्यात यातले ठळक काहीच नाही.

जनुकांची एवढी अक्षरे वाचायची तर संगणक हवा, आणि इथे बंगळुरूचा शिरकाव होतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या चार प्राध्यापकांनी (विजय चंद्रू, रमेश हरिहरन, स्वामी मनोहर आणि व्ही. विनय) २००० साली ‘स्ट्रँड’ ही कंपनी काढली. चौघेही संगणकवाले, डॉक्टर एकही नाही! आधी जनुकांची माहिती उलगडणारे सॉफ्टवेअर, मग कर्करोगाच्या जनुकचाचण्या, असा तिचा प्रवास झाला. २०२१ साली रिलायन्सने ती विकत घेतली.

किमोचा निकाल लावला तो जुन्या तुकड्यांनीच. ‘पोर्टेक-३’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना नुसते रेडिएशन किंवा रेडिएशनसोबत किमो दिली होती. साठवलेल्या मेणाच्या ब्लॉकची पुन्हा तपासणी करून २०२० साली आकडे आले. पी५३ गटात पाच वर्षे रोग न उलटता राहिलेल्या स्त्रिया नुसत्या रेडिएशनवर ३६ टक्के, किमोसह ५९ टक्के. पीओएलई गटात ९७ आणि १००. म्हणजे किमोने पदरात जवळजवळ काहीच पडले नाही, केस गळणे आणि बधिर झालेली बोटे मात्र वाट्याला आली. दुरुस्ती बिघडलेल्या गटातही किमोचा फायदा दिसला नाही. त्यांच्यासाठी आता इम्युनोथेरपी पुढे आली आहे.

पी५३ आणि दुरुस्तीची प्रथिने विशेष रंग चढवून स्लाइडवरच दिसतात, त्याला जीनोम वाचावा लागत नाही. पीओएलईसाठी मात्र जनुक वाचावेच लागते, आणि ब्लॉक मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो. २०२३ साली ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने रोगाची पायरी ठरवताना ही माहिती धरायला सुरुवात केली. रोग गर्भाशयातच असेल आणि पीओएलई बिघडलेले असेल, तर पायरी खाली येते. रोग स्नायूत शिरला असेल आणि पी५३ बिघडलेले असेल, तर ती वर चढते. ‘रेनबो’ या आंतरराष्ट्रीय चाचण्यांच्या मालिकेत आता पीओएलई गटाला शस्त्रक्रियेनंतरचे उपचार कमी करून किंवा अजिबात न देता भागते का, हे पाहिले जात आहे.