अंगणवाडीतले अंगण

नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, विशेषतः अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांत, गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग नव्हे. सातपुड्याच्या उतारांवर घरे आपापल्या शेताशी विखुरलेली असतात. अशा वस्तीत तीन वर्षांच्या मुलाचे सवंगडी म्हणजे भावंडे, जवळपासची एकदोन मुले आणि शेळ्या. समवयस्कांच्या घोळक्यात वावरण्याचा प्रसंग त्याच्यावर बहुधा प्रथम येतो तो अंगणवाडीत. तेथे ते हिसकावते, वाट पाहते की मिळून खेळते, हे केवळ स्वभावावर ठरत नाही; समोर काय मांडले आहे यावरही ठरते.

या प्रश्नाचा मराठीतील मूलगामी विचार अशाच पाड्यांच्या मुलखात, पण कोकणपट्टीत झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

ताराबाईंची मूळ प्रेरणा मॉन्टेसरींची. मॉन्टेसरींच्या वर्गात प्रत्येक साधन एकच असते. दुसऱ्याचे काम संपेपर्यंत मुलाने थांबायचे. थांबणे हाच तेथील सामाजिक संस्कार. अंगणात मात्र शंखशिंपले, खडे, बिया, पाने यांना तोटा नाही. तेथे वाट पाहावी लागत नाही. ‘तुझ्याकडचे घाल, माझ्याकडचे घालतो’ एवढेच उरते. स्वस्त पर्याय म्हणून या साधनांचे कौतुक पुष्कळ झाले. आमच्या मते त्यांनी मुलांच्या परस्परसंबंधांचीच जात बदलली, आणि हे महत्त्व खर्चाच्या बचतीहून मोठे आहे. (चिंचोके मात्र दोन वर्षांच्या मुलाच्या हाती नकोत, ते थेट तोंडात जातात.)

‘वाडी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, देशावर लहान वस्ती. फ्रोबेलने 1840 साली आपल्या शाळेला मुलांची बाग म्हटले. ‘बालवाडी’त बाग आणि वस्ती दोन्ही अर्थ सहज सामावले. ‘अंगणवाडी’त त्यांच्याआधी जागा आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले आणि ते देशभर गेले. नाव गेले, अंगण बरोबर गेलेच असे नाही. आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांचा भार खोलीवर पडला. कुपोषणाच्या छायेतील नंदुरबारमध्ये तो अनाठायी म्हणता येणार नाही.

तरीही येथे अंगणाची गरज अधिक आहे, कारण मुलांच्या घरची भाषा भिली, पावरी वा मावची असते. प्रमाण मराठीतले गाणे कळण्याआधी शेजारच्या मुलाच्या ढिगात आपला खडा टाकता येतो. मात्र खेळातून जमलेली ही संगतही दरवर्षी मोडते: दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात, आणि मुले उसाच्या फडावर जातात.